विटकरी टीशर्ट कुठे मिळेल?

माझ्या धाकट्या लेकीच्या कॉलेजचा कबड्डीचा उपांत्य सामना होता. गेल्या वर्षीचा सप्टेंबर, पाऊस नुकताच थांबलेला, मॅटवर पत्र्याची शेड आणि कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या. मी ऑफिसमधून अर्धा दिवस सुट्टी टाकून गेले होते. आमच्या बाजूला पालक, मित्रमैत्रिणी, जुने विद्यार्थी मिळून पस्तीसएक माणसं असतील. मध्यंतराच्या पाच मिनिटांत सहज नजर फिरवली आणि मोजतच बसले. नऊ जणांच्या अंगात मुंबई इंडियन्सचा निळा टीशर्ट होता. दोघं अर्जेंटिनाच्या पट्ट्यांत. एकाच्या अंगात यू मुम्बाचा भगवा, म्हणजे निदान कबड्डीचा तरी. आणि एका पोराच्या छातीवर मोठ्या पिवळ्या अक्षरात ‘मिशिगन’, म्हणजे अमेरिकेतलं विद्यापीठ. मॅटवर सात मुली विटकरी जर्सीत जीव तोडून खेळत होत्या आणि त्यांच्यासाठी घसा फोडणाऱ्या पस्तीस माणसांत विटकरी रंग एकाच्याही अंगावर नव्हता.

समोरच्या कॉलेजच्या बाजूलाही तेच.

सामना आम्ही तीन गुणांनी हरलो. घरी येताना लोकलमध्ये धाकटी खिडकीतून बाहेर बघत बसली होती. मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी मी तुमचा टीशर्ट घालून येते. ती म्हणाली, “आई, आमचा टीशर्ट मिळतच नाही. आम्हाला बारा जणींना जिमखाना देतो, स्पर्धा संपली की धुऊन परत जमा करायचा.”

हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण मीही याच कॉलेजकडून खेळले आहे. १९९३ ते १९९६, तीन वर्षं. तेव्हा जर्सी वगैरे नव्हतंच. होजिअरीचे साधे विटकरी टीशर्ट सरांनी कुठून तरी घाऊक आणले होते आणि नंबर आम्हीच शिवले होते. आमच्यातल्या एकीच्या घरी शिलाई मशीन होतं. तिच्या आईने जुनी पांढरी चादर दिली, आम्ही पुठ्ठ्याचे आकडे कापून त्यावर पेन्सिलने गिरवले आणि रात्री अकरापर्यंत बसून बारा नंबर शिवले. माझा ७. टीशर्ट सुती होता, जमा करायला कुणी मागितला नाही, म्हणून तो राहिला. त्या रात्री पलंगाखालची ट्रंक उघडून काढला. अंगात आता शिरत नाही. धाकटी तो हातात घेऊन उलटसुलट करत बराच वेळ बसली आणि मग म्हणाली, “असा मिळाला तर मी रोज घालेन.”

त्यानंतर जे पाच महिने गेले त्याबद्दल सांगायचं आहे. मुंबईतल्या दुसऱ्या कुठल्या कॉलेजच्या पालकाला हेच करावंसं वाटलं तर निदान कुठे कुठे जाऊन थांबावं लागतं ते कळेल.

पहिल्याच शनिवारी मरीन लाइन्सला उतरले. पुलावरून मेट्रो सिनेमाच्या बाजूला आलं की धोबी तलावची खेळसामानाची दुकानं लागतात. बॅटी, कॅरम बोर्ड, ट्रॉफ्या, ढाली, बॉक्सिंगचे हातमोजे. मुंबईतल्या किती तरी शाळा-कॉलेजांची खरेदी वर्षानुवर्षं इथूनच होते. सहा दुकानं पालथी घातली. सगळीकडे दर्शनी रॉडवर निळा, त्यामागे भारताचा निळा, त्यामागे युरोपातले फुटबॉल क्लब. एका दुकानात विचारलं, “दादा, मुंबईतल्या कुठल्याही कॉलेजच्या टीमचा टीशर्ट आहे का? कुठल्याही, आमच्याच असं नाही.” त्याने हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं. “तीस नग असतील तर बनवून देऊ, ताई. तयार नाही मिळणार.”

“तयार का नाही ठेवत?”

“उठाव नाही.”

हे दोन शब्द त्या दिवशी मी सहाही दुकानांत ऐकले. कुणी ‘मागणी नाही’ म्हणालं, कुणी ‘चालत नाही’ म्हणालं, अर्थ तोच. एका वयस्कर मालकांनी मात्र स्टूल पुढे केलं आणि नीट समजावून सांगितलं. टीशर्ट ठेवायचा म्हणजे एक नग ठेवून भागत नाही. ३४ पासून ४४ पर्यंत सहा साइज, प्रत्येकी पाच धरले तरी तीस नग झाले. हे एका कॉलेजचं. विद्यापीठाखाली शेकडो कॉलेजं. दुकानाला रॉड आहेत मोजून आठ. मुंबई इंडियन्सचा माल मार्च ते मे धडाधड जातो, पुढच्या वर्षी डिझाइन बदललं तरी तोवर पैसे निघालेले असतात. कॉलेजच्या मालाला गिऱ्हाईक कधी येईल, किती येईल, काहीच अंदाज नाही. “माल पडून राहिला तर भाडं त्यातून निघत नाही, मॅडम. आणि कुणी विचारायलाही येत नाही. यंदा तुम्ही पहिल्याच.”

त्यांचं म्हणणं मला पटलं. पण शेवटचं वाक्य डोक्यात राहिलं. जी वस्तू कधी दुकानात टांगलेलीच दिसली नाही, ती विचारायला कोण येणार? आमच्या बाजूच्या त्या पस्तीस जणांतल्या एकालाही ‘आपल्या कॉलेजचा टीशर्ट’ असं काही असू शकतं हे सुचलं नसेल. मलाही तीस वर्षांत सुचलं नव्हतं.

तिथून चालत फॅशन स्ट्रीटला आले. लेकीसाठी काही घ्यावं म्हणून आले आणि तिथे मला मिशिगन सापडलं. हार्वर्डही. ऑक्सफर्ड, यूसीएलए, सगळी ओळीने. तीनशे सांगितले, अडीचशेला देतो म्हणाला. मी रस्त्याच्या पलीकडे पाहिलं. आझाद मैदानावर नेहमीसारखे दहा-बारा सामने एकमेकांत मिसळून चालले होते. १९८८ च्या फेब्रुवारीत याच मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम शाळेच्या दोन मुलांनी सेंट झेवियर्स शाळेविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागी केली होती. तेंडुलकर आणि कांबळी. सुनील गावसकर झेवियर्स कॉलेजचे, दिलीप वेंगसरकर आणि रवी शास्त्री माटुंग्याच्या पोदारचे. या शहरातल्या शाळा-कॉलेजांनी देशाला इतके खेळाडू दिले, आणि मैदानासमोरच्या त्या लांबलचक रांगेत यातल्या एकाही संस्थेचं नाव छातीवर असलेलं कापड नव्हतं. मला फार लागलं ते.

माझा भाचा मिशिगन विद्यापीठात शिकून आला आहे. त्याला रात्री फोन केला. तो म्हणाला, मावशी, तिथे सामन्याच्या दिवशी अख्खं ॲन आर्बर गाव पिवळ्या-निळ्यात असतं. औषधाच्या दुकानात, किराणा दुकानात, पेट्रोल पंपावरसुद्धा टीशर्ट टांगलेले. स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात, १९२७ पासूनचं स्टेडियम आहे, आणि ते प्रेक्षक कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला येतात. पण हे आपोआप झालेलं नाही, हेही त्यानेच सांगितलं. विद्यापीठाचं नाव आणि चिन्ह छापायचं तर परवाना लागतो, विकलेल्या मालामागे विद्यापीठाला ठरलेला हिस्सा मिळतो. नुसतं हेच काम बघणारी कंपनी तिथे १९८१ मध्ये निघाली. मग तो जरा थांबून म्हणाला, “पण हे मोठ्या विद्यापीठांचं. त्याच राज्यात लहान कॉलेजंही आहेत, त्यांच्या गावातल्या मोठ्या दुकानात गेलं तरी मिशिगनचाच टीशर्ट पुढे असतो. आपल्याच गावच्या टीमचा मागायला गेलं की आतून शोधून आणतात.” म्हणजे आमच्यासारखे तिकडेही आहेत.

आता टीशर्ट आपणच करायचा, असं ठरलं. धाकटीच्या संघातल्या मुलींच्या आया, दोन-तीन जुन्या मैत्रिणी आणि मी असा सात-आठ जणींचा गट झाला. पुढची स्पर्धा जानेवारीत होती. हातात तीन महिने होते.

पहिलं काम परवानगीचं. ते सर्वांत सोपं असेल असं मी धरून चालले होते. जिमखान्याचे सर खूश झाले, म्हणाले, माझ्याकडून हो आहे, पण कार्यालयात अर्ज द्या. कार्यालयात अर्ज दिला. आठ दिवसांनी गेले तर कळलं की बोधचिन्ह कॉलेजचं नाही, संस्थेचं आहे, अर्ज संस्थेच्या सचिवांच्या नावे हवा. तो दिला. पुढच्या खेपेला विचारणा झाली की यात तुमचा फायदा किती. काहीच नाही म्हटल्यावर उलट शंका वाढली. चौथ्या खेपेला फाइल ‘पुढच्या सभेला’ ठेवली होती. माझ्यासोबत आलेली एक आई गेटबाहेर आल्यावर रडवेली झाली. ती घरकाम करते, प्रत्येक खेपेला तिचं एक काम बुडत होतं.

माझी एक मैत्रीण वकील आहे. तिने दोन गोष्टी सांगितल्या, त्या पुढे उपयोगी पडल्या. पहिली, संस्थेची काळजी अगदीच अनाठायी नाही. चिन्ह कुणीही कशावरही छापू लागलं तर उद्या त्यावर ताबा राहत नाही. दुसरी, १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली संस्थेला स्वतःचं चिन्ह नोंदवता येतं, कपड्यांसाठी २५ क्रमांकाचा वर्ग आहे. तशी नोंदणी असली की बाहेरच्या कुणाला लेखी परवाना देणं, तो काढून घेणं, हिस्सा ठरवणं सगळं सरळ होतं. आम्ही नवा अर्ज केला. त्यात लिहिलं की टीशर्टवर चिन्ह नको, फक्त कॉलेजचं नाव, खाली ‘कबड्डी’ आणि आमचा विटकरी रंग. एकदाच, ठरावीक नग, हिशोब लेखी देऊ. आणि जाता जाता वर्ग २५ चीही विनंती जोडली. सात आठवड्यांनी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एक पानाचं पत्र मिळालं. नाव वापरायला परवानगी होती, एका हंगामापुरती. नोंदणीबद्दल त्यात काही नव्हतं. तरी ते पत्र घेऊन मी गेटबाहेरच्या बाकावर पाच मिनिटं नुसती बसले होते.

दुसरं काम कापडाचं, आणि यात मी अगदी बुडून गेले.

धारावीत नव्वद फुटी रस्त्यावरून आत एक गाळा आहे. खाली शिलाईची आठ मशीनं, वर लाकडी जिन्याने चढून गेलं की छपाई. गाळेवाले भाई कामाला चोख आणि बोलायला मोकळे. मला मनातून सुती टीशर्ट हवा होता, माझ्या जुन्यासारखा. ते म्हणाले, सुतीवर स्क्रीन प्रिंट करता येईल, पण मग कापडच विटकरी रंगाचं आणावं लागेल, आणि नेमक्या तुमच्या छटेचं तयार मिळणार नाही, रंगवून घ्यायचं तर तीस नगांसाठी कुणी भट्टी लावत नाही. त्याऐवजी डॉटनीट घ्या, पॉलिस्टर. पांढरं कापड, रंग आम्ही छापतो.

सबलिमेशन म्हणतात ती पद्धत मी पहिल्यांदा तिथे पाहिली. आधी कागदावर छापतात, अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी. कागदावर तो रंग इतका मळकट दिसतो की माझा जीवच खाली गेला. मग कापडाचे कापलेले भाग, पुढचा, मागचा, दोन बाह्या, त्या कागदाखाली ठेवून साधारण २०० अंशांच्या प्रेसखाली दाबतात. त्या उष्णतेत शाई पातळ होत नाही, सरळ तिची वाफ होते आणि पॉलिस्टरच्या धाग्यात शिरून बसते. म्हणून ती पोपडे धरून निघत नाही, आणि म्हणूनच सुतीवर ती टिकत नाही. प्रेस उचलली, कारागिराने कागदाचं टोक धरून सर्रकन ओढला, आणि तोच मळका रंग खाली एकदम उजळलेला. गरम कापडाचा तो वास अजून नाकात आहे.

पण रंग चुकला होता. विटकरीऐवजी जांभळट आलं होतं. दुसऱ्यांदा केलं तर चॉकलेटी. मी सोबत माझा सात नंबरचा नेला होता, पण तोही तीस वर्षांत विटून गेलेला. त्याच्याशी जुळवलं तर नवा टीशर्ट जन्मतःच जुना दिसला असता. भाईंनी तो हातात घेतला, खालची दुमडलेली पट्टी नखाने थोडी उसवली आणि आतली बाजू मला दाखवली. तिथे ऊन लागलं नव्हतं, साबणही फारसा पोचला नव्हता. १९९३ चा विटकरी रंग तिथे जसाच्या तसा होता. पावसाळ्यात भिजलेल्या विटेसारखा, लालाच्या अंगाने जाणारा. मला तो रंग इतका गडद होता हे आठवतच नव्हतं.

मग त्यांनी पॉलिस्टरच्या एकाच पट्टीवर बारा विटकरी छटा ओळीने छापल्या, प्रत्येकीखाली नंबर. ट्यूबलाइटखाली सगळ्या सारख्याच वाटत होत्या, म्हणून पट्टी आणि टीशर्ट घेऊन आम्ही खाली रस्त्यावर उन्हात आलो. उसवलेली कड एकेका छटेला लावून पाहिली. बाजूच्या चहावाल्याने आपलं मत दिलं, मशीनवरची एक बाई खाली उतरून आली, तिनेही दिलं. नवव्या नंबरवर सगळ्यांचं एकमत झालं. वर जाताना भाई ती उसवलेली पट्टी स्वतः मशीनवर बसून परत शिवून द्यायला विसरले नाहीत.

चाळीस नग सांगितले. शिलाईसकट एका नगाला २८० रुपये पडले. पैसे आम्ही आधी गोळा केले होते, तरी दहा नगांचे मीच घातले. आणि साइज ठरवताना मी एक चूक केली, ती पुढे येईलच.

जानेवारीत पहिल्या सामन्याला आमच्या बाजूला सव्वीस विटकरी टीशर्ट होते. मी तुम्हाला सांगते, आवाजसुद्धा वेगळा येतो. एकेकटी ओरडणारी माणसं एका रंगात बसली की एकदम ओरडतात. धाकटीची पहिली चढाई होती. मध्यरेषेवर जाऊन तिने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि मग ‘कबड्डी’ सुरू केलं. संघाच्या प्रशिक्षक ताईंनी नंतर मला सांगितलं की मुली टाइमआउटला पाणी प्यायच्या सोडून तुमच्याकडेच बघत होत्या. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली, पुढच्याच वर्षी यू मुम्बा जिंकली, तेव्हापासून पुरुषांची कबड्डी टीव्हीवर घरोघरी दिसते. मुलींचं तसं नाही. आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी १९९० ला आली, महिलांची यायला २०१० उजाडलं. या मुलींना बघायला येणारा माणूस आपल्या रंगात आलेला त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

सामना संपल्यावर चार अनोळखी माणसं विचारायला आली. कुठे मिळतो हा? एक गृहस्थ १९८७ च्या बॅचचे, डोळ्यांत पाणी. मी सांगितलं, दुकानात नाही, माझ्या पिशवीत आहे. पिशवीतले दहा तिथेच संपले. उठाव नाही म्हणणाऱ्या त्या स्टूलवाल्या काकांची आठवण झाली.

पण पिशवीतून विकणं म्हणजे मी असेन तेव्हाच. मला ते दुकानात हवं होतं, कॉलेजच्या वाटेवरच्या, येता-जाता दिसेल असं. परिसरातल्या तीन खेळसामानाच्या दुकानांत परत विचारून झालं, तीन नकार. मग एके दिवशी स्टेशनहून येताना शालेय गणवेशाच्या दुकानापुढे थांबले. कित्येकदा या दुकानासमोरून गेले आहे. आत भिंतभर खण, प्रत्येक खणावर एकेका शाळेचं नाव आणि त्यात २२ पासून ४२ पर्यंत सगळ्या साइज. जवळपासच्या पंधरा-वीस शाळांचा माल. शाळेचा बिल्ला, शाळेची बॉर्डर, सगळं बिनचूक. म्हणजे इथल्याच संस्थांचा इथल्याच माणसांसाठीचा माल ठेवणं दुकानदाराला उत्तम जमतं. गणवेशाची सक्ती असते, म्हणून तो उठणार याची खात्री असते, एवढाच फरक.

मालक कच्छी, पण जन्म इथलाच, मराठी आपल्यासारखं. मी टीशर्ट काउंटरवर ठेवला, जानेवारीतल्या त्या सामन्याचा फोटो दाखवला. त्यांनी शिवण उलटी करून पाहिली, बाही ओढून पाहिली. “काम चांगलं आहे. पण ताई, मी पैसे घालणार नाही.”

“नका घालू. जांगडवर ठेवा.”

त्यांनी मान वर केली. हिऱ्याच्या बाजारातला शब्द. माझे वडील झवेरी बाजारात मुनीम होते, म्हणून तोंडात आला. माल माझा, जागा तुमची, विकला गेला तर तुमचा वाटा कापून पैसे द्या, नाही गेला तर मी परत नेते. गणवेशवाल्या काकांनी जरा विचार केला आणि मग असं काही सांगितलं की मला वाटलं हे मला सप्टेंबरमध्येच कुणी सांगायला हवं होतं. “जूनमध्ये मला श्वास घ्यायला वेळ नसतो. जुलै संपला की दुकान थंड. ऑगस्ट ते मार्च दारावरचा रॉड रिकामाच असतो.” आणि कॉलेजांच्या स्पर्धा असतात त्या नेमक्या याच महिन्यांत! एका नगामागे चाळीस रुपये त्यांचे ठरले, विक्री ३५० ला. आम्ही तीस नग नव्याने करून घेतले, त्यातले पंधरा त्यांच्याकडे.

पहिला आठवडा एकही गेला नाही. शनिवारी जाऊन पाहते तर माल प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून आतल्या खणात, गणवेशासारखाच. गणवेश घ्यायला येणारा शाळेचं नाव सांगतो, मग खणातून काढून देता येतं. हा टीशर्ट आधी दिसायला हवा. काकांना विनंती केली, एक नग हँगरवर लावून दाराच्या रॉडवर टांगा, बाहेरच्या बाजूला तोंड करून. त्यांना धुळीची काळजी. मी म्हटलं, तो एक नग माझ्या खात्यात धरा, खराब झाला तर पैसे मागणार नाही. स्टूलवर चढून मीच लावला. संध्याकाळचा उजेड त्यावर तिरपा पडला होता आणि समोरच्या फुटपाथवरून नववा नंबर चांगला उठून दिसत होता.

त्या संध्याकाळी दोन गेले. एक कॉलेजच्या कँटीनमध्ये बावीस वर्षं काम केलेल्या मामांनी नेला. दुसरा एका मुलीने, तिच्या धाकट्या भावासाठी. काका वहीत पेन्सिलने तारीख, साइज आणि रक्कम लिहून ठेवतात. मी ती वही दर शनिवारी बघायला जाते. हिशोब चोख असतो, तरी जाते, कारण कोण घेऊन गेलं ते काका तोंडी सांगतात आणि मला ते ऐकायचं असतं.

फेब्रुवारीच्या शेवटी ऑफिसमध्ये असताना काकांचाच फोन आला. त्यांनी आपणहून केलेला हा पहिलाच.

“ताई, ३६ सगळे संपले. आज तिघी परत गेल्या. तुम्ही ४२ आणि ४४ एवढे कशाला केलेत?”

मी सांगितलं की सामन्याला बाप्ये जास्त येतात असं मला वाटलं होतं.

“घेणाऱ्या मुलीच आहेत,” ते म्हणाले. “शाळेतल्यासुद्धा येतात, नववी-दहावीच्या. पुढच्या खेपेला ३२ पण टाका. आणि पंधराच नका आणू, तीस आणा, जागा मी करतो.”